अनुराधपूरच्या पुढची लंका

श्रीलंकेची सहल करून आलेल्या मराठी कुटुंबाकडे छायाचित्रे पाहण्याचा योग अलीकडे वारंवार येतो. त्यांचा क्रमही आता पाठ झाला आहे. पिन्नावालाचे हत्ती, कँडीचे दंतमंदिर, नुवारा एलियाचे चहाचे मळे, सीता एलियाला दाखवले जाते ते अशोकवन, एल्लाजवळचा रावणाचा धबधबा आणि शेवटी बेंटोट्याच्या वाळूत घोट्यापर्यंत पाण्यात उभी असलेली मंडळी. फारच हौशी असतील, तर सिगिरियाचा कडा आणि अनुराधपूरचा बोधिवृक्ष. बरोबर आचारी असतो आणि रात्री वरणभात मिळतो. यात गैर काही नाही. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाने आठ दिवस निवांत फिरावे आणि आपल्या चवीचे खावे, यावर नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण अनुराधपूरला ही सहल मागे वळते आणि तिथे लंकेचा नकाशाच संपतो. त्याच्या उत्तरेला वावुनिया आहे, किलिनोच्ची आहे, जाफना आहे. सव्वीस वर्षे ज्या नावांनी आपल्या वर्तमानपत्रांचे मथळे व्यापले, ती सगळी गावे तिथे आहेत. रावणाची लंका पाहायला जाणाऱ्या आपल्या माणसाला नेमकी हीच लंका दाखवली जात नाही.

जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तामिळींची घरेदारे जाळली गेली आणि पेटलेले युद्ध मे २००९ मध्ये मुल्लैत्तीवूजवळच्या नंदिकडल खाजणाच्या काठी संपले. शेवटच्या महिन्यांत चिंचोळ्या किनारपट्टीवर कोंडलेल्या नागरिकांपैकी किती मेले, याचा हिशेब आजही लागलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये हा आकडा ४० हजारांपर्यंत असू शकतो असे म्हटले. श्रीलंका सरकारने ते अमान्य केले. युद्ध संपून आठ महिने होत नाहीत तोच, जानेवारी २०१० मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने त्या वर्षी पाहावयाच्या ठिकाणांची यादी छापली आणि तिच्यात पहिला क्रमांक श्रीलंकेला दिला. २००९ साली जेमतेम साडेचार लाख परदेशी पर्यटक या देशात आले होते, ते २०१८ पर्यंत २३ लाखांवर गेले. त्या यादीच्या वेळी वावुनियाजवळच्या मेनिक फार्मच्या छावणीत रणभूमीतून बाहेर पडलेली तामिळी माणसे काटेरी तारांच्या आत होती. सुरुवातीला तेथे व आसपासच्या छावण्यांत सुमारे तीन लाख लोक होते. डिसेंबर २००९ पर्यंत त्यांना मोकळेपणी बाहेर जाता येत नव्हते आणि छावणी पूर्ण रिकामी व्हायला सप्टेंबर २०१२ उजाडले. पाहुण्यांना आवतण आणि घरच्यांना कुंपण, असा तो प्रकार होता.

मग अशा देशात जावे की नाही? ‘लोकांच्या जखमा पाहायला कशाला जायचे?’ असे म्हणणारा एक सोवळा पक्ष आपल्याकडे आहे. ‘आता सगळे शांत आहे, खुशाल जा,’ असे सांगणारा दुसरा. आमच्या मते जावे, आणि जमल्यास एकट्यादुकट्याने, साध्या बसने जावे. पण जाण्याचे काही भाडे असते आणि ते तिकिटात धरलेले नसते.

आमचे एक स्नेही, बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी फेब्रुवारी २०१३ मध्ये असे गेले होते. जाफन्याची ‘याळ देवी’ ही जुनी आगगाडी तेव्हा अजून तिथवर पोचत नव्हती. युद्धात उखडलेले रूळ भारतीय रेल्वेच्या इरकॉनने पुन्हा टाकले आणि गाडी जाफन्यात शिरली ती ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्यामुळे यांनी वावुनियाला लाल सरकारी बस धरली. ओमंतईच्या तपासनाक्यावर उतरावे लागले, पासपोर्टांची नोंद झाली, पुन्हा बस. ए-नाइन हा कँडीहून जाफन्याला जाणारा सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता तोवर गुळगुळीत झाला होता. त्याच्या दोन्ही अंगांनी लांबवर शेंडे उडालेली ताडाची झाडे होती, कवटीचे चित्र असलेल्या सुरुंगांच्या लाल पाट्या होत्या, आणि छप्पर नसलेल्या घरांच्या भिंतींना टेकवून उभारलेल्या पत्र्याच्या शेड होत्या. स्नेह्यांचे म्हणणे असे, की गुळगुळीत रस्त्यावरून बस इतक्या वेगाने जात होती, की एक घर नीट पाहावे तोवर पुढचे दहा मागे पडत. आम्हाला यात त्या साऱ्या पुनर्बांधणीवरचे भाष्य दिसते. त्यांना दिसले नव्हते, ते बिचारे नुसते सांगत होते.

या रस्त्यावर थांबवून दाखवावयाची स्थळे मात्र ठरलेली होती. किलिनोच्ची ही एके काळची लिट्टेची राजधानी. माघार घेताना लिट्टेने तेथील पाण्याची उंच टाकी पाडली. ती आडवी पडलेली टाकी सरकारने तशीच ठेवली आणि शेजारी आठवणवस्तू विकणारे दुकान काढले. गावात विजयस्मारक आहे: काँक्रीटचा प्रचंड ठोकळा, त्यात घुसलेला तोफगोळा आणि वर उमललेले कमळ. पुढे एलिफंट पासला चिलखती बुलडोझर ठेवला आहे. १९९१ मध्ये लष्करी तळावर चालून आलेला हा बुलडोझर एका सैनिकाने जीव देऊन थोपवला होता. पुदुक्कुडियिरुप्पूला प्रभाकरनचे जमिनीखालचे चार मजली तळघर काही काळ प्रेक्षणीय स्थळ होते. दक्षिणेतून बसगाड्या भरभरून तिथे येत. ऑक्टोबर २०१३ मध्ये लष्करानेच ते उडवून दिले. विजेत्याने आपल्या सैनिकांचे स्मारक बांधू नये असे कोण म्हणेल? ते सैनिकही बहुतेक सिंहली खेड्यांतल्या गरीब घरांतले होते. प्रश्न आहे तो दुसऱ्या बाजूच्या मृतांचा. लिट्टेने आपल्या मृत लढवय्यांची दफनभूमी बांधली होती. अशा दफनभूमी युद्धानंतर नांगरून टाकण्यात आल्या आणि जाफन्याजवळ कोपाय येथे तर त्याच जागेवर लष्कराच्या एका डिव्हिजनचे मुख्यालय उभे राहिले. लिट्टेने शाळकरी पोरांच्या हाती बंदुका दिल्या, स्वतःच्याच समाजातील नेमस्त पुढारी टिपून मारले, अखेरीस नागरिकांना ढालीसारखे पुढे केले आणि राजीव गांधींचा घात केला. त्या संघटनेविषयी कोणी अश्रू ढाळावेत असे आम्हाला वाटत नाही. पण तिने ओढून नेलेल्या मुलाच्या आईला दिवा कोठे लावायचा, याचे उत्तर मुख्यालयाच्या फाटकावर मिळत नाही. जाफना विद्यापीठाच्या आवारातील मुळ्ळिवायक्काल स्मारकही जानेवारी २०२१ मध्ये एका रात्री पाडले गेले आणि विद्यार्थ्यांनी गदारोळ केल्यावर त्याच वर्षी पुन्हा बांधावे लागले.

तेव्हा पाटी वाचत पुढे जाणाऱ्या पर्यटकाला निम्मीच गोष्ट कळते, आणि उरलेली निम्मी कळण्यासाठी माणसांशी बोलावे लागते. खरी अडचण इथेच सुरू होते. आमचे स्नेही नल्लूरच्या देवळाजवळ एका घरी उतरले होते. घरमालकीण साठीच्या, इंग्रजी बेताचे. बैठकीत हार घातलेल्या तीन तसबिरी. एक वयस्क पुरुष, दोन तरुण. स्नेह्यांचा स्वभाव चौकस. पहिल्याच संध्याकाळी ते विचारणार होते, तोच त्यांच्या पत्नीने त्यांना डोळ्यांनी दटावले. चार दिवस त्या दोघी स्वयंपाकघरात शेजारी बसून नारळ खोवत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या बाई आपणहून एका तसबिरीविषयी बोलल्या, एक-दोन वाक्ये. दुसऱ्या दोन तसबिरींविषयी अखेरपर्यंत नाही. ‘आणि मी विचारलेही नाही,’ असे वहिनी म्हणाल्या, तेव्हा त्यांचा स्वर जरा कडक होता, कारण यजमानांना अजून ते पटलेले नव्हते.

आम्हाला वहिनींची बाजू बरोबर वाटते. परक्याशी कोण काय बोलले याची मागाहून चौकशी होते, अशी धास्ती त्या वर्षांत उत्तरेत सर्वत्र होती. प्रवासी आठवड्याने विमानात बसतो आणि बोलणारा तिथेच राहतो. आपल्याला किस्सा मिळतो, त्याच्या दारी मोटारसायकल येते. एकट्याने फिरणाऱ्यांना स्वतःच्या धैर्याचे कौतुक फार असते, पण अशा देशात धोका बहुधा प्रवाशाला नसतोच. २०१७ च्या फेब्रुवारीपासून किलिनोच्चीत, याच ए-नाइनच्या कडेला, बेपत्ता झालेल्यांच्या आया छायाचित्रे घेऊन धरणे धरून बसल्या. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे श्रीलंकेतील १६ हजारांवर बेपत्तांची नोंद आहे. या बायकांना आपली गोष्ट सांगायची होती. तिथे थांबणे आणि ऐकणे हेच योग्य होते. कोणाला बोलायचे आहे आणि कोणाला नाही, हे ओळखण्याइतका वेळ हाताशी ठेवून जायचे. ‘तीन रात्री चार दिवस’ छापाच्या सहलीत तेवढा वेळ निघत नाही.

ऐकायला बसले की आणखी एक घोटाळा होतो: गोष्ट दोन बाजूंची उरत नाही. जाफन्यात मुसलमानांची जुनी वस्ती आहे. ३० ऑक्टोबर १९९० रोजी लिट्टेने त्यांना दोन तासांत शहर सोडायला लावले. त्या महिन्यात उत्तर प्रांतातून सुमारे पाऊण लाख मुसलमान असे घालवले गेले आणि त्यांतील पुष्कळांची पुढली दोन दशके पुत्तलमच्या झोपड्यांत गेली. १९८१ साली ३१ मेच्या रात्री जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय, ९७ हजार ग्रंथ आणि ताडपत्रांवरील पोथ्यांसह जाळले गेले. त्या पांढऱ्याशुभ्र, पुन्हा उभारलेल्या वास्तूसमोर प्रत्येक प्रवासी हळहळतो, आणि हळहळावेच. पण तिथून थोड्याच अंतरावरच्या मुसलमान मोहल्ल्यातली पडकी घरे त्याच्या यादीत नसतात. तामिळींच्या दुःखाचा कैवार घेऊन गेलेल्याला ती पाहणे थोडे अडचणीचेही जाते.

आणि भारतीय प्रवाशाला तर त्रयस्थ म्हणवून घेण्याची सोयच नाही. जाफन्यात ‘इंडिया?’ या प्रश्नामागे हसू असते. हिंदी-तामिळी चित्रपट, भारताने बांधून दिलेली घरे, तीर्थयात्रा हे सारे त्या हसण्यात आहे. आणि त्याच्यामागे १९८७ सालही आहे. जुलैच्या करारानंतर आपली शांतिसेना तिथे उतरली, ऑक्टोबरात लिट्टेशी तिचे युद्ध जुंपले, आणि २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, आपले सैनिक जाफन्याच्या रुग्णालयात शिरले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठांहून अधिक माणसे मेली. आतून गोळीबार झाला, अशी लष्कराची बाजू होती. वाचलेल्यांनी वेगळे सांगितले. रुग्णालयात दर वर्षी त्या दिवशी मृत सहकाऱ्यांचे स्मरण होते. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत हे आहे? मार्च १९९० मध्ये सेना परतली, तेव्हा आपलेही सुमारे १२०० जवान कामी आले होते. परतलेल्यांच्या स्वागतालाही आपल्याकडे फारसा उत्साह नव्हता. त्या बाराशेंपैकी एक मेजर रामस्वामी परमेश्वरन. जन्म मुंबईचा, शाळा-कॉलेज मुंबईचे, आणि महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनबरोबर ते लंकेत गेले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि मग प्राण सोडला. परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. मुंबईचा हा अधिकारी आणि त्याच्या आदल्याच महिन्यात रुग्णालयात मेलेल्या परिचारिका, दोन्ही गोष्टी एकाच युद्धातल्या आहेत आणि त्या दोन्ही बरोबर घेऊनच मराठी माणसाने जाफन्याच्या रस्त्यावर उतरावे. एक विसरून दुसरी आठवणे सोपे असते.

पैशाचाही विचार करायला हवा. कांकेसंतुरैच्या सुंदर किनाऱ्यावर लष्कराने ‘थलसेवना’ नावाचे विश्रामगृह काढले. १९९० पासून परागंदा झालेले त्याच परिसरातले शेतकरी आणि कोळी तेव्हा काही मैलांवरच्या छावण्यांत राहत होते, कारण त्यांची हजारो एकर जमीन ‘अतिसुरक्षा क्षेत्रा’त गेली होती. पुढे, विशेषतः २०१५ नंतर, ती तुकड्यातुकड्याने परत मिळू लागली. अशा ठिकाणी समुद्राकडे तोंड असलेली खोली घ्यायची, की नल्लूरच्या बाईंकडे पंख्याखाली झोपायचे, हा प्रश्न केवळ दराचा नसतो. बसचे तिकीट, कोपऱ्यावरच्या दुकानातले ताडगुळाचे खडे, ओडियल कूळ नावाचे माशांचे दाट कालवण, नैनातीवू बेटावर नेणाऱ्या होडीचे भाडे, एवढ्याशा रकमांनी युद्धाने मोडलेला संसार उभा राहत नाही, हे कबूल. पण त्या निदान त्याच गावात राहतात. नैनातीवूला मात्र जाच. एकाच चिमुकल्या बेटावर नागपूषणी अम्मनचे देऊळ आणि बौद्धांचा नागदीप विहार आहे, आणि एकाच होडीत दोन्हीकडची माणसे दाटीवाटीने बसलेली असतात.

आता जाणे पुष्कळ सोपे झाले आहे. परदेशी नागरिकांना उत्तरेत जाण्यासाठी संरक्षण खात्याची परवानगी लागत असे, ती अट २०१५ साली उठली. २०१९ मध्ये पलालीचा लष्करी धावपट्टा आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला आणि चेन्नईहून विमान सुरू झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात नागपट्टणमहून कांकेसंतुरैला प्रवासी जहाजही निघाले. म्हणजे उद्या आपल्या सहलीवाल्यांच्या जाहिरातीत जाफना आले, तर नवल नाही.

स्नेह्यांनी शेवटच्या दिवशी कंदरोडैला जायचे ठरवले होते. मेजर परमेश्वरन यांच्या तुकडीवर हल्ला झाला तो याच गावाच्या परिसरात, हे त्यांनी आधी वाचून ठेवले होते. रिक्षावाल्याला ते सांगावे की नाही, यावर नवराबायकोत बरीच चर्चा झाली आणि शेवटी सांगितले नाही. कंदरोडैला पाहण्यासारखे म्हणजे ताडांच्या सावलीत दाटीने उभे असलेले छोटे छोटे प्राचीन बौद्ध स्तूप. रिक्षावाल्याने तेच दाखवले. मेजरांच्या नावाची पाटी त्यांना कोठे दिसली नाही. वहिनींनी पर्समधून नल्लूरच्या देवळातली विभूतीची पुडी काढली, कुंपणाबाहेरच्या एका ताडाच्या बुंध्याशी थोडी सोडली आणि दोघे मिनिटभर उभे राहिले. रिक्षावाला वयाने पन्नाशीचा असावा. त्याने काही विचारले नाही. परतीच्या वाटेवर त्याने रिक्षा रुग्णालयाच्या रस्त्याने घेतली; तो रस्ता जवळचा होता की लांबचा, हे स्नेह्यांना आजतागायत सांगता आलेले नाही.