विश्लेषण : घरातला कॅमेरा अधूनमधून ‘ऑफलाइन’ का होतो? दोष नेमका कुठे शोधायचा?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात नवरा-बायको दोघेही पाळ्यांमध्ये काम करणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. घराला कुलूप लावून बाहेर पडताना त्यांची भिस्त असते ती मोबाइलवर दिसणाऱ्या कॅमेऱ्यावर आणि दाराला बसवलेल्या सेन्सरवर. मात्र, मध्येच ‘डिव्हाइस ऑफलाइन’ असा संदेश येतो, दहा मिनिटांनी सगळे आपोआप सुरू होते आणि तंत्रज्ञ येतो तेव्हा यंत्रणा व्यवस्थित चालत असते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा हा आढावा.

अधूनमधूनचा दोष जास्त धोकादायक का?

यंत्रणा पूर्ण बंद पडली तर ती लगेच दुरुस्तीला दिली जाते. अधूनमधून बंद पडणाऱ्या यंत्रणेची मात्र सवय होते. रोज दोनदा ‘ऑफलाइन’चा संदेश आला की घरचे तो न वाचताच बाजूला सारतात. अनेक स्वस्त यंत्रणांमध्ये तर संपर्क तुटल्याचे कळवण्याचीही सोय नसते. चांगल्या अलार्म पॅनेलमधून ठरावीक वेळाने ‘मी सुरू आहे’ असा संकेत सर्व्हरकडे जातो आणि तो चुकला की इशारा येतो. ही सोय नसेल तर ‘घरी काही घडले नाही’ आणि ‘यंत्रणाच बंद आहे’ या दोन्ही स्थिती मोबाइलवर सारख्याच दिसतात.

इशारा मोबाइलपर्यंत कसा पोहोचतो?

सेन्सर किंवा कॅमेरा, त्याचा अडॅप्टर, वायर किंवा वाय-फाय, राउटर, इमारतीतील इंटरनेटचा स्विच, सेवा कंपनीचे जाळे, कॅमेरा कंपनीचा सर्व्हर आणि शेवटी मोबाइल अशी ही साखळी आहे. यातील एक कडी निखळली तरी इशारा पोहोचत नाही. पण सामान्यतः पहिला संशय कॅमेऱ्यावर घेतला जातो आणि तोच बदलला जातो. दोष दुसरीकडे असेल तर नवा कॅमेराही आठवडाभरात तसाच वागू लागतो.

गुरुवारचा काय संबंध?

पुणे परिसरातील उद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामेही प्रामुख्याने गुरुवारी होतात. यंत्रणा गुरुवारीच बंद पडत असेल तर आधी वीजपुरवठा तपासावा. घरात इन्व्हर्टर असला तरी अनेकदा राउटरचा प्लग त्याच्या जोडणीवर नसतो. असला तरी वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणभराच्या खंडात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि संपर्क परत यायला दोन-तीन मिनिटे लागतात. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चे बटण असते. ते सुरू केल्यास हा खंड कमी होतो. राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस लावणे हा दुसरा उपाय.

एवढे करूनही इंटरनेट जात असेल तर जिन्यातील किंवा डक्टमधील स्विच पाहावा. सोसायटीतील सर्व घरांना इंटरनेट देणाऱ्या या स्विचला बॅटरी नसेल तर घरचा इन्व्हर्टर उपयोगाचा नाही. याची तक्रार सोसायटीमार्फत सेवा कंपनीकडे करावी लागते.

अंधार पडल्यावरच कॅमेरा का जातो?

रात्री कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त विद्युतप्रवाह लागतो. समजा, १२ व्होल्टचा कॅमेरा दिवसा ०.३ अँपिअर आणि रात्री १ अँपिअर प्रवाह घेतो आणि लांब, बारीक वायरचा एकूण रोध ३ ओहम आहे. दिवसा वायरमध्ये ०.९ व्होल्ट खर्ची पडतात आणि कॅमेऱ्याला ११.१ व्होल्ट मिळतात. रात्री ३ व्होल्ट खर्ची पडून ९ व्होल्टच उरतात. कॅमेरा बंद होतो, पुन्हा सुरू होतो, दिवे लागताच पुन्हा बंद होतो. दिवसा आलेल्या तंत्रज्ञाला यातले काहीच दिसत नाही.

तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल वापरली असेल तर रोध आणखी वाढतो. जुना झालेला अडॅप्टरही असाच वागतो. फक्त पावसात त्रास होत असेल तर बाहेरच्या जोडांत पाणी शिरते का, ते पाहावे.

वाय-फायचा दोष कसा ओळखायचा?

बहुतेक घरगुती कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. या पट्ट्यात एकमेकांना अडथळा न आणणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. रावेत, पुनावळे, मोशीसारख्या भागांतील उंच इमारतींत एकाच मजल्यावर अनेक राउटर असतात. रात्री आठ ते अकरा या वेळेत सगळेच मोबाइल आणि टीव्ही सुरू असले की कॅमेऱ्याचा संपर्क तुटतो. त्यातच सलग काँक्रीटच्या भिंती विटांच्या भिंतींपेक्षा संकेत जास्त अडवतात. राउटरचा चॅनेल बदलणे, तो दाराजवळ आणणे किंवा मुख्य दाराच्या कॅमेऱ्याला थेट नेटवर्क केबल देणे हे उपाय आहेत. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते.

सिमकार्डवर चालणाऱ्या अलार्मचे काय?

इंटरनेट नसले तरी फोन किंवा एसएमएस करणारे अलार्म दुकाने आणि स्वतंत्र घरांत वापरले जातात. यातील अनेक जुनी पॅनेल फक्त टूजीवर चालतात. जिओचे जाळे सुरुवातीपासूनच फोरजीचे असल्याने ते सिम अशा पॅनेलमध्ये चालत नाही. दुसरी अडचण रिचार्जची. वैधता संपली की पॅनेलमधून फोन जात नाही, आणि सलग ९० दिवस वापर नसलेले प्रीपेड सिम बंद होऊ शकते. ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएससाठीचे रिचार्ज उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक केले. अशा पॅनेलला तेवढा रिचार्ज पुरतो.

मग दोष शोधायचा कसा?

सात दिवस एका कागदावर संपर्क तुटल्याची वेळ, त्या वेळी वीज होती का, इंटरनेट होते का आणि पाऊस होता का, एवढेच लिहावे. सगळे कॅमेरे एकदम जात असतील तर वीज, राउटर किंवा इंटरनेट तपासावे. एकच जात असेल तर त्याचा अडॅप्टर, वायर किंवा वाय-फाय पाहावे. शंका असलेला कॅमेरा एक रात्र राउटरशेजारी, दुसऱ्या अडॅप्टरवर चालवून पाहावा. तिथे तो नीट चालला तर कॅमेरा निर्दोष आहे. यंत्रणा सुरू असूनही इशारा येत नसेल तर मोबाइलमधील ‘बॅटरी सेव्हर’ने ते ॲप थांबवले आहे का, ते पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

चोरी झाल्यास याचा काय परिणाम होतो?

इंटरनेट गेले तरी मेमरी कार्डवर किंवा रेकॉर्डरमध्ये चित्रीकरण सुरू राहते. वीज गेली तर तेही थांबते. रेकॉर्डरमधील छोटी सेल संपली असेल तर वीज परत आल्यावर त्याचे घड्याळ चुकीची तारीख दाखवते. मग चित्रीकरण असूनही चोर नेमका कधी आला, हे सांगताना अडचण येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलच्या ‘हॅश’ मूल्याची नोंद असते. त्यामुळे घटनेनंतर रेकॉर्डरशी छेडछाड न करता तो आहे तसा पोलिसांना दाखवावा. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

महिन्यातून एकदा रेकॉर्डरचे घड्याळ पाहावे. त्याच वेळी घराचा मुख्य स्विच बंद करून दार उघडावे आणि कामाच्या ठिकाणी असलेल्या व्यक्तीच्या मोबाइलवर इशारा येतो का, ते तपासावे. या चाचणीला पाच मिनिटे लागतात.