नदीवरचा दिवस कुणाचा?

गेल्या हिवाळ्यात आम्ही मूलच्या पाच जणींनी ठरवलं, एक दिवस सुट्टी घ्यायची. मोर्चा नाही, बैठक नाही, पोलीस स्टेशन नाही. मार्कंडादेवला जायचं आणि डोंग्यात बसून वैनगंगेवर फिरायचं. घरी पहिला प्रश्न आला, "तिथे काम काय आहे?" काम नाही म्हटल्यावर सगळे गप्प. बाई देवाला जाते, माहेरी जाते, दवाखान्यात जाते. ती नुसती फिरायला जाते, हे आपल्या घरांना अजून पचत नाही.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या जत्रेत इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी घाट रिकामा होता. ढिवर दादा वल्हं मारत होते. शिदोरी सोडली, गप्पा झाल्या, मग कुणीच बोललं नाही. नुसतं पाणी बघत बसायची सवय नाही, म्हणून सुरुवातीला चक्क अपराधी वाटलं.

काठावर परतलो तर मजुरीवरून येणाऱ्या बाया भेटल्या. आम्ही कशाला आलो ते ऐकून एक जण हसली, "डोंग्यात बसून फिरता? आमी त जीव मुठीत धरून बसतो, बाई."

ती कशाबद्दल बोलत होती ते आम्हाला लगेच कळलं. 23 जानेवारी 2024 ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या मजूर बाया मिरची तोडायला नावेने चंद्रपूर जिल्ह्यात येत होत्या. वैनगंगेत नाव उलटली. सहा जणी गेल्या. वर्तमानपत्रांनी त्याला दुर्घटना म्हटलं. मला तो शब्द अपुरा वाटतो. कामावर जाताना नदी ओलांडावी लागते, तर ती ओलांडणं हा कामाचाच भाग आहे. पुलावरून वळसा घालून जायचं तर भाड्यात आणि वेळेत मजुरी संपते. म्हणून बाई डोंग्यात बसते. ही तिची बेपर्वाई नव्हे, तिचा हिशेब आहे.

इंग्लंडच्या कालव्यांवर सात फूट रुंदीच्या लांबलचक नावा चालतात. आज लोक त्यांत सुट्टी घालवतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र याच नावांवरून बायकांनी कोळसा आणि इतर माल वाहिला. त्यांच्या बिल्ल्यावर 'अंतर्गत जलमार्ग' याची इंग्रजी आद्याक्षरं होती, आय आणि डब्ल्यू. लोकांनी थट्टेने त्यांचा अर्थ लावला, 'आयडल विमेन', म्हणजे रिकामटेकड्या बाया! राबणारीला रिकामटेकडी म्हणायची रीत फक्त आपल्याकडचीच नाही.

मैत्रिणींनो, काही गोष्टी आपण ग्रामसभेत मागू शकतो. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या नावांचाही विचार केलेला आहे. मग गावातल्या प्रत्येक डोंग्याची नोंद व्हावी. किती माणसं बसवायची तो आकडा डोंग्यावर रंगवलेला असावा. प्रत्येकीला लाइफ जॅकेट मिळावं आणि त्याचा खर्च मजूर नेणाऱ्याने व शासनाने करावा, बाईने नाही. डोंगे बंद करा असं मात्र कुणी म्हणू नये. त्यात ढिवरांची पोटं आहेत आणि बायांची वाटही. दारूबंदीसाठी 2010 साली चिमूरहून नागपूरला पायी गेलेल्या बायांच्या जिल्ह्याला ही मागणी जड नाही.

आणखी एक मागणी आहे, ती आपल्याच घरात करायची. कारण न सांगता एक दिवस. आमच्या पाच जणींचा तो दिवस फुकट गेला नाही. पण काठावरची ती बाई जोवर त्याच डोंग्यात पाय सैल सोडून बसू शकत नाही, तोवर तो अर्धाच आहे.