मोकळ्या रानाची राखण

गेटिसबर्गच्या लढाईची खूण म्हणून आज जगभरातले पर्यटक जी झाडांची राई पाहायला जातात, ती तुटता तुटता वाचली आहे. तिचा मालक बेसिल बिग्ज हा कृष्णवर्णीय शेतकरी. लढाईनंतर शेतांत घाईघाईने पुरलेले सैनिक उकरून त्यांना राष्ट्रीय दफनभूमीत नेण्याचे कामही त्यानेच मजूर लावून केले होते. पुढे त्याने राई तोडायला घेतली तेव्हा जॉन बॅचेल्डर या चित्रकार-इतिहासकाराने त्याला गाठले. इतिहासाच्या गोष्टींनी फारसे काही साधले नाही. झाडे उभी राहिली तर जमिनीला जास्त भाव येईल, हा मुद्दा बिग्जला पटला आणि कुऱ्हाड थांबली. संवर्धनाच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग यायला हवा.

पेन्सिल्व्हेनियातल्या या गावाभोवती १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ५१,००० माणसे कामी आली किंवा निकामी झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धातली ही सर्वांत रक्तरंजित लढाई. आपण संवर्धनाच्या क्षेत्रातली माणसे. आपल्याला रस हवा तो त्यानंतरच्या जमीनव्यवहारांत. डेव्हिड मॅकॉनॉही या स्थानिक वकिलाने त्याच उन्हाळ्यात मोक्याच्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली आणि एप्रिल १८६४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, रणभूमीच्या जतनासाठीची संस्था कायदेशीर नोंदली गेली. लिंकनचे दोन मिनिटांचे भाषण सगळ्यांना माहीत असते, या खरेदीखतांची आठवण कोणी काढत नाही.

खरी कसोटी आली १८९३ मध्ये. एका विद्युत ट्राम कंपनीने पर्यटकांसाठी थेट रणभूमीतून रूळ टाकले. सरकारने जमीन संपादित करायला घेतली, कंपनी न्यायालयात गेली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की रणभूमी राखणे हा सार्वजनिक हेतू आहे आणि त्यासाठी सरकार सक्तीने जमीन घेऊ शकते. न्यायमूर्ती पेकहॅम यांचा हा निकाल अमेरिकेतल्या वारसाजतनाच्या कायद्याचा पाया मानला जातो. पाया पडला तो एखाद्या वास्तूमुळे नव्हे, तर उघड्या शेतजमिनीमुळे.

रणभूमीवर पाहण्यासारखे असते ते अंतर. ३ जुलैच्या दुपारी दक्षिणेचे सुमारे १२,५०० सैनिक तोफांच्या तोंडासमोर किलोमीटरभराहून अधिक मोकळे रान तुडवत गेले. ते रान डोळ्यांना सलग दिसले नाही तर त्या हल्ल्याचा वेडेपणा कोणत्याही माहितीफलकाने कळणार नाही. म्हणूनच १९७४ मध्ये एका खासगी मालकाने उभारलेला तीनशे फुटांहून उंच निरीक्षण-मनोरा तिथल्या जतनकर्त्यांना इतकी वर्षे सलत राहिला. ३ जुलै २००० रोजी, लढाईच्याच तारखेला, तो सुरुंग लावून पाडला.

इथवर मी त्यांच्या बाजूने आहे. १९९९ च्या व्यवस्थापन आराखड्यापाशी मात्र थोडे थबकावे लागते. जमीन १८६३ सारखी दिसली पाहिजे, असा निर्णय झाला. नंतर वाढलेले शेकडो एकर जंगल तोडण्याचे, फळबागा पुन्हा लावण्याचे, लाकडी कुंपणे पूर्वीच्या ओळींत घालण्याचे काम निघाले. वास्तुरचनाकार रिचर्ड न्यूट्राने रचलेली, लढाईचे वर्तुळाकार चित्र ठेवण्यासाठीची १९६२ ची सायक्लोरामा इमारत वास्तुतज्ज्ञांचा विरोध आणि कोर्टकज्जे होऊनही २०१३ मध्ये पाडली गेली, कारण ती लढाईच्या ऐन रेषेवर उभी होती. पण मग १,३०० हून अधिक स्मारके, पुतळे आणि कोरीव दगड? त्यांतला एकही १८६३ मध्ये नव्हता. ते राहिले, आणि राहायलाच हवेत. मग खरी कसोटी १८६३ ही नव्हतीच. लढलेल्यांनी स्वतः उभारलेले ठेवायचे आणि सरकारने नेमलेल्या वास्तुरचनाकाराने उभारलेले काढायचे, अशी ती होती. त्या कसोटीलाही समर्थन देता येते, फक्त ती आराखड्यात उघडपणे लिहावी लागते. आपल्याकडचे जीर्णोद्धाराचे प्रस्तावही एखादे साल मनात धरून चालतात आणि ते साल का धरले हे कुठेच नोंदवत नाहीत.

स्मारकांच्याही भानगडी आहेतच. रणभूमी जतन करणाऱ्या त्या संस्थेचा नियम असा, की पलटणीचा दगड तिच्या ठरलेल्या लढाईच्या रांगेवरच बसवायचा. ७२ व्या पेन्सिल्व्हेनिया पलटणीच्या माजी सैनिकांना तो पुढे दगडी भिंतीशी हवा होता. ते कोर्टात गेले आणि जिंकले. जागेचा इतका काटेकोर आग्रह धरणाऱ्या या रानात युद्धाच्या कारणाला मात्र अनेक दशके जागाच मिळाली नाही. १९१३ च्या मेळाव्यात दोन्ही बाजूंच्या ५०,००० हून अधिक वृद्ध सैनिकांसमोर शौर्य आणि बंधुभावाची भाषणे झाली, गुलामगिरी बाजूलाच राहिली. ३ जुलैच्या त्या निर्णायक हल्ल्याच्या वाटेवरच एब्राहम ब्रायन या मुक्त कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे घर होते. दक्षिणेचे सैन्य वाटेत सापडलेल्या कृष्णवर्णीयांना धरून गुलाम म्हणून नेत होते, त्यामुळे तो कुटुंबासह आधीच पळाला. नुकसानीपोटी त्याने १,०२८ डॉलर मागितले, हाती आले १५. २००८ च्या नव्या संग्रहालयात गुलामगिरी हे युद्धाचे कारण म्हणून ठळकपणे मांडले गेले. घर मात्र पहिल्यापासून तिथेच उभे होते.

आता आपले. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. नावात भूदृश्य आले, पण आपला कायदा अजून इमारतीभोवती फिरतो: संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बंदी, पुढचे २०० मीटर नियंत्रण. किल्ल्याला निदान तटबंदी असते. १८०३ ची असईची लढाई केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, शेतांत आणि नदीच्या उतारांवर झाली. तिथे मोजणीची फीत कोणत्या दगडाला लावायची, हे भूसंपादन अधिकारी, मोजणीदार आणि आपण संवर्धकांनी एकत्र बसून ठरवायला हवे. आणि त्या बैठकीला सातबाऱ्यावर नावे असलेले शेतकरी पहिल्या दिवसापासून हवेत, बिग्जला गाठले तसे अगदी शेवटी नव्हे.