मारवा की दरबारी?

सर्वांत मोठा संगीतकार कोण, या प्रश्नावर जगभर जितका वेळ जातो तितका संगीत ऐकण्यात गेला असता तर बरं झालं असतं. बीथोव्हेन मोठा की मोत्सार्ट, हा वाद युरोपात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपल्या माळव्यातही त्याची आवृत्ती आहे : इंदूरचे उस्ताद अमीर खाँ की देवासचे कुमार गंधर्व. दोन गावांत चाळीस किलोमीटरही अंतर नाही, पण या एका प्रश्नावर मराठी घरांतल्या बैठकीत दोन तट पडतात आणि दोन्ही तट आपापल्या जागी बसून राहतात. माझं म्हणणं असं की तुलना दोन कलावंतांमध्ये करूच नये. ती एकाच कलावंताच्या कामात करावी. बीथोव्हेनच्या नऊ सिंफनींपैकी तुमची कोणती? अमीर खाँसाहेबांचा मारवा की दरबारी? पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला निष्ठा पुरते. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला कान लागतो.

मारवा आणि दरबारी ही जोडी मुद्दाम घेतली, कारण दोन्ही एकाच तबकडीच्या दोन बाजू आहेत. १९६० च्या सुमारास आलेल्या त्या एलपीवर एकीकडे मारवा, दुसरीकडे दरबारी. गायक तोच, विलंबितासाठी चौदा मात्रांचा झुमराही तोच, आणि हाताशी वेळ दोन्हींकडे वीस-पंचवीस मिनिटांचाच. म्हणजे गायक, ताल, वेळ, यांतलं काहीही निवडीच्या आड येत नाही. उरतो तो फक्त विचार. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि खाँसाहेब त्यात षड्ज इतका राखून ठेवतात की रिषभ-धैवतावर रेंगाळणारा स्वर घरी कधी परतेल याची वाट ऐकणाऱ्याला पाहावी लागते. दरबारीत नेमकं उलटं घडतं. तिथे षड्ज भक्कम आहे, आवाज मंद्रात खोल उतरतो आणि आंदोलित गंधार पुन्हा पुन्हा त्याच भारदस्त जागी आणून सोडतो. एकात अस्थैर्य हाच आशय, दुसऱ्यात स्थैर्य. यांतलं एक निवडायला बसलेला श्रोता षड्जाची जागा शोधू लागतो, आणि तो शोध म्हणजेच ऐकणं. ‘अमीर खाँ की कुमारजी’ या वादात षड्जाचा उल्लेखही होत नाही.

सिंफनीच्या जगात याहून नाट्यमय उदाहरण आहे. २२ डिसेंबर १८०८ च्या संध्याकाळी व्हिएन्नातल्या एका नाट्यगृहात बीथोव्हेनने सुमारे चार तासांचा कार्यक्रम केला. पाचवी आणि सहावी या दोन्ही सिंफनी त्या रात्री पहिल्यांदा जाहीरपणे वाजल्या. पाचवी चार स्वरांच्या एका ठोक्यातून अख्खी इमारत उभी करते. सहावी शेतातून, ओढ्याकाठून, वादळातून सावकाश चालते. दोन्ही एकाच माणसाने, एकाच काळात लिहिल्या. त्या रात्री बसलेल्या श्रोत्याला बीथोव्हेन आवडतो की नाही, एवढंच विचारलं असतं तर त्याचं उत्तर आपल्या काहीच कामाचं नव्हतं. कोणती आवडली हे विचारलं असतं, तर संगीताने काय करावं अशी त्याची अपेक्षा होती ते कळलं असतं. खुद्द बीथोव्हेनही अशी निवड करत असे. १८१७ साली, आठ सिंफनी लिहून झालेल्या असताना, कवी कुफनरने त्याला सर्वांत आवडती कोणती असं विचारलं आणि त्याने ‘एरॉइका’चं, म्हणजे तिसरीचं नाव घेतलं, असं सांगितलं जातं. विचारणाऱ्याला पाचवीची अपेक्षा होती. आजही बहुतेकांना पाचवीच अपेक्षित असते. तिचे ते पहिले चार स्वर जाहिरातींपासून चित्रपटांपर्यंत सगळीकडे पोचले आहेत, आणि ओळखीलाच आपण आवड म्हणू लागतो.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. सिंफनी कागदावर लिहिलेली, ठरलेली रचना. राग रोज नव्याने घडतो. मग बीथोव्हेनच्या नऊ आणि खाँसाहेबांचे दोन राग एका पंक्तीला कसे बसवायचे? फरक खरा आहे, पण तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. लिहिलेली सिंफनीही वाजवताना बदलते. कार्लोस क्लायबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून १९७४ मध्ये वाजवून घेतलेली पाचवी आणि फुर्टव्हेंगलरची पाचवी यांचे स्वर तेच, पण चाल आणि श्वास निराळे. आपल्याकडे तर एकाच गायकाचा एकच राग तबकडीवर, रेडिओवर आणि मैफलीत तीन वेगळी रूपं घेतो. तेव्हा निवड रागांपाशी थांबूच नये. कोणता मारवा, इथवर तिने जावं. खाँसाहेबांनी राग मोजके ठेवले आणि त्यांतच खोल उतरले. त्यांच्याबाबत तर हीच पद्धत न्यायाची आहे.

दुसरा आक्षेप नवख्यांच्या वतीने घेतला जातो : त्यांना आधी यादी द्या, लोकप्रिय तुकडे द्या, बारकावे नंतर पाहू. याच्याशी माझा तीव्र मतभेद आहे. नववी सिंफनी तासाहून मोठी आहे. तिचं गायन शेवटच्या खंडात येतं. ज्याने फक्त तो आनंदाचा पुकारा ऐकला, त्याला आधीच्या तीन खंडांत तो कसा मिळवला गेला याचा पत्ता नसतो. आपल्याकडे द्रुत बंदिश आणि तराणा तेवढे ऐकून विलंबित सोडून देणारा श्रोता याच जातीचा. नवख्याला तुकडे नकोत, छोटं क्षेत्र हवं. ब्राम्सने पहिली सिंफनी १८७६ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी लोकांपुढे आणली आणि एकूण चारच लिहिल्या. चारही मिळून तीन तासांच्या आत ऐकून होतात. दोन रविवार दिले तर कुणालाही ब्राम्सबद्दल स्वतःचं, कुणाकडून उसनं न घेतलेलं मत बनवता येईल. हायडनच्या शंभराहून अधिक सिंफनींनी घाबरायचं कारण नाही. लंडनसाठी लिहिलेल्या शेवटच्या बारांपुरतं क्षेत्र आखून घ्यावं.

उरतो तो आवड ही खासगी बाब, तिची कारणं कशाला मागता, हा आक्षेप. खासगी असेल, पण इंदूरचं संगीत खासगीत वाढलेलं नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमध्ये ज्या होळकरांच्या स्मृती आहेत, त्यांच्या राज्यात बीनकार बंदे अली खाँ आणि पखवाजिये नाना पानसे मानाने राहिले. सारंगीवादक शाहमीर खाँ, म्हणजे अमीर खाँसाहेबांचे वडील, यांच्या इथल्या घरी शुक्रवारी गवय्ये-वादक जमत. मुलगा अमीर त्या बैठकांमध्ये ऐकत वाढला आणि पुढे त्याने जे केलं ती निवडच होती : अब्दुल वहीद खाँची संथ बढत घेतली, देवासच्या रजब अली खाँची तान घेतली, भेंडीबाजारच्या अमान अली खाँची सरगम घेतली आणि बाकीचं सोडलं. यांतला मोठा कोण, असं विचारत तो बसला असता तर एकाचा शिष्य म्हणून संपला असता. प्रत्येकाच्या गाण्यातली नेमकी कोणती गोष्ट आपली, हे त्याने कारणांसह ओळखलं, म्हणून इंदूरच्या नावाने एक गायकी ओळखली जाते. श्रोत्याला गायचं नसतं, तरी एवढा नेमकेपणा त्याच्याकडे मागण्यात गैर काय?

म्हणून खाँसाहेबांच्या स्मरणाचे जे कार्यक्रम या शहरात होतात, त्यांत भाषणांचा वेळ कमी करून ती तबकडी दोन्ही बाजूंनी, मध्ये न थांबवता ऐकवावी आणि श्रोत्यांना मारवा की दरबारी हे कारणासह सांगायला लावावं. मी मारव्याच्या बाजूचा आहे. दरबारी खाँसाहेबांच्या आवाजाला जन्मजात शोभते. तिथे त्यांचा मंद्र अर्धं काम आधीच करून ठेवतो. मारव्यात आवाजाची ती मदत तोकडी पडते, षड्जाचा आधार जवळजवळ काढून घेतलेला असतो, आणि तरी वीस-पंचवीस मिनिटं तोल कुठेही जात नाही. ज्यांना दरबारी श्रेष्ठ वाटते त्यांनी गंधाराच्या आंदोलनावर बोट ठेवून मला खोडून काढावं.