उचलून नेण्याचा जुना उपाय

गेल्या महिन्यात एका व्याख्यानानंतर चहा घेताना एका विद्वान गृहस्थांनी आपले मत ठणकावून सांगितले. उत्तर इराकमधल्या असिरियन ख्रिस्ती लोकांच्या गावांत शाळा चालवायला, कालवे दुरुस्त करायला, जळालेली घरे बांधायला देणग्या पाठवणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. त्या मुलखात त्यांना भवितव्य नाही. खरी कणव असेल तर विमानाची तिकिटे काढा आणि सगळ्यांना सिडनी-शिकागोला वसवा. राहिली संस्कृती, ती लंडनच्या संग्रहालयात सुखरूप आहे. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. तिथे मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून इथे देतो.

लंडनला आहेत ते निमरूद आणि निनवेचे दगड. ते उकरून काढणाऱ्यांत होर्मुझ्द रस्साम हा मोसुलचाच असिरियन माणूस होता. दगड जहाजावर चढले, तरी त्याचे भाऊबंद तिथेच पेरत, कापत, लग्ने लावत राहिले. प्रश्न त्या भाऊबंदांचा आहे.

मदतीने लोक परावलंबी होतात म्हणे. ज्यांचे घर, दुकान, शेत एका रात्रीत गेले, त्यांना आधी छप्पर द्यावे, स्वावलंबनाचा धडा मागाहून. असिरियन, खाल्डियन, सिरियाक अशा नावांवरून ते आपसांत भांडतात, हेही ऐकवले गेले. भांडतात, खरे आहे. पण म्हणून त्यांची मुले शाळेविना राहावीत काय? आणि आपला त्यांच्याशी संबंध काय, असे विचारणाऱ्याने केरळातल्या चर्चमधली सिरियाक प्रार्थना एकदा ऐकावी. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला, म्हणजे यांच्याच चर्च-परंपरेतला, बिशप असल्याची नोंद केली आहे. ते आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात.

पण खरा राग येतो तो ‘उचला आणि हलवा’ या सल्ल्याचा. तो नवा असल्याच्या थाटात दिला जातो, म्हणून जास्त. 1915 मध्ये ऑटोमन सैन्याने आणि कुर्द टोळ्यांनी या लोकांना हक्कारीच्या डोंगरांतून हुसकले. ते इराणातल्या उर्मियाकडे गेले. 1918 मध्ये उर्मियाही सुटले. हमदानच्या वाटेवर हजारो मेले आणि उरलेल्यांना ब्रिटिशांनी बगदादजवळ बाकूबाच्या तंबूंत ठेवले, अर्थात तात्पुरते. 1926 च्या सीमाकराराने हक्कारी तुर्कस्तानात राहिले आणि परतीची वाट बंद झाली. 1933 च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्याने सिमेले गावात कत्तल केली. त्यानंतर राष्ट्रसंघाने काय केले? या लोकांना कुठे नेऊन टाकावे, याचा शोध. आधी ब्राझीलचा पराना प्रांत सुचला, मग ब्रिटिश गयाना. ज्यांना हलवायचे त्यांच्या बायकामुलांना त्या मुलखांची नावेही ठाऊक नव्हती. अखेर काही हजारांना सीरियात खाबूर नदीकाठी वसवले. त्यांनी तिथे तीसेक गावे उभी केली, माळरानात शेती केली. 23 फेब्रुवारी 2015 रोजी इसिसने त्याच गावांवर धाड घातली आणि दोनशेहून अधिक माणसे ओलीस नेली. आज तिथली बहुतेक घरे बंद आहेत. विद्वान गृहस्थांचा उपाय शंभर वर्षे करून झाला आहे. दर वेळी तो करुणेच्याच नावाने केला गेला आणि दर वेळी माणसे पहिल्यापेक्षा कमी उरली.

शिकागोवर धाड पडणार नाही, हे मान्य. ज्याला लेकरांसाठी देश सोडायचा आहे त्याने सोडावा. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण राहू इच्छिणाऱ्याला ‘तुझे इथे काही नाही’ म्हणण्याचा अधिकार तरी कुणी दिला? शिवाय परदेशी गेलेल्या भाषेचे काय होते, हे मराठी माणसाला सांगायला नको. न्यू जर्सीतल्या नातवाला आजीचे मराठी समजते, बोलता येत नाही. आजीला वाईट वाटते, पण मराठी मरत नाही, कारण मागे सातारा आहे, परभणी आहे, सावंतवाडी आहे. असिरियनांच्या सुरेथ भाषेच्या मागे निनवेच्या मैदानातली आणि दहोकच्या डोंगरांतली गावे आहेत. अल्कोशची बोली वेगळी, बख्दीदाची वेगळी, बर्वारची आणखी वेगळी. येशूच्या काळच्या अरामाईकच्या कुळातली ही भाषा आहे. गाव उठले की ती बोली शिकागोत एक पिढी, फार तर दोन पिढ्या टिकते.

म्हणून मदत तिथेच जायला हवी. इराकच्या 2005 च्या राज्यघटनेतील चौथ्या कलमाने सिरियाकमधून शिक्षणाचा हक्क मान्य केला आहे. पण हक्काला शिक्षक लागतात, पुस्तके लागतात. डोंगरातल्या गावात पाच-सात मुले असतात, तेव्हा शाळेपर्यंत बस लागते. बस बंद पडली की मुलगा जवळच्या दुसऱ्या भाषेच्या शाळेत जातो, आणि त्यामागून कुटुंब शहराकडे. नहला खोऱ्यात पाण्याचा पाट दुरुस्त झाला तर सफरचंद, डाळिंब उभे राहते. बाग असलेला माणूस सहज निघून जात नाही. जमिनीच्या दाव्यांसाठी वकिलाची फी लागते. यात भव्य काही नाही आणि छायाचित्रेही चांगली येत नाहीत.

6 ऑगस्ट 2014 च्या रात्री इसिस चालून येताच बख्दीदा रिकामे झाले. 2016 च्या ऑक्टोबरात ते मोकळे झाले, तेव्हा तिथले अल-ताहिरा चर्च आतून जळून काळे पडले होते. ते पुन्हा बांधले गेले आणि 2021 च्या मार्चमध्ये पोप तिथे आले. हजारो माणसे त्याआधीच घरी परतली होती. त्यांना परत बोलावणारे तिकीट कुणी काढून दिले नव्हते. वाचकहो, देणगी द्यायची असेल तर त्यांना बाहेर काढणाऱ्या विमानासाठी नको, त्यांच्या मुलांच्या शाळेच्या बसच्या डिझेलसाठी द्या.