शनि, साहेब आणि आपण

जालन्याच्या एका पोलाद कारखान्यांत हिशेबनिसाचें काम करणारा आमचा पुतण्या परवां रात्रीं ताट पुढें सारून म्हणाला, "काका, आमच्याकडे बढती साहेबांच्या मर्जीवर. मीं मरमर काम करून काय उपयोग?" वहिनींनीं तत्काळ साडेसातीचा दाखला दिला. आम्ही उपदेशाच्या तयारींत होतों, पण शब्द घशाशींच राहिले. मुख्याध्यापकपद हुकलें त्या वर्षीं आम्हींही हेच दोघे पुढें केले होते: शनि आणि वशिला. विद्यार्थी संस्कृतांत उत्तम गुण मिळवीत, तेव्हां मात्र आम्हांस ग्रहांची आठवण कधीं झाली नाहीं!

आपल्या बऱ्यावाइटाचीं सूत्रें आपल्या हातीं आहेत कीं दुसऱ्याच्या, ह्याविषयींच्या मनांतील धारणेस मानसशास्त्रांत नियंत्रणस्थान म्हणतात. अमेरिकन पंडित ज्युलियन रॉटर यांनीं १९६६ मध्यें तिच्या मापनाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत विधानांच्या २९ जोड्या असून प्रत्येक जोडींतून एक निवडावयाचें असतें. १९८८ मध्यें पॉल स्पेक्टर यांनीं केवळ नोकरीपेशापुरती १६ विधानांची निराळी मोजपट्टी केली. सूत्रें आपल्या हातीं मानणारा नोकर सामान्यतः कामांत अधिक समाधानी आढळतो. येथवर ठीक. परंतु ह्यावरून दुसऱ्यास आळशी ठरविण्याची घाई आम्हांस मान्य नाहीं. ज्याचें म्हणणें कचेरींत ऐकून घेतलें जातें, त्यास सूत्रें आपल्या हातीं वाटूं लागतात. ज्याचे दहा अर्ज केराच्या टोपलींत गेले, तो साहेबाकडे बोट दाखवितो तेव्हां अनुभवच बोलत असतो.

२०१२ च्या दुष्काळांत आमच्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. त्या बागाइतदारास 'तुमचा प्रयत्न कमी पडला' म्हणणें हा शुद्ध क्रूरपणा होय. पण कडवंची गांवही ह्याच जिल्ह्यांतलें. तेथें १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांतून बांधबंदिस्ती झाली, मागाहून शेततळीं झालीं, आणि त्या दुष्काळांतही तेथील द्राक्षबागा तगल्या. पाऊस त्यांच्या हातीं नव्हता. पडलेला पाऊस शिवारांत अडविणें मात्र होतें. तेंही एकट्याच्या नव्हे, कारण उतार एका सर्व्हे नंबरापाशीं थांबत नाहीं. 'मी कीं दैव' अशा जोडींत हा 'आम्ही' कोठें बसवावा?

गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्मसिद्धीचीं पांच कारणें दिलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनें, नानाविध चेष्टा, आणि पांचवें दैव. दैव गाळलेलें नाहीं, आणि तें पहिलेंही घातलेलें नाहीं. हें आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलें, आणि स्वतःची पाळी आली तेव्हां विसरलों.

असो. पुतण्यास विचारलें, "बढतीचे नियम लेखी मागितलेस का?"

"एकट्यानें मागितले तर डोळ्यांवर येईन."

"तुझ्यासारखे किती जण?"

"चौघे."

काल ते चौघे आमच्या ओसरीवर बसून अर्जाचा मसुदा करून गेले. भाषा आम्हीं तपासली. "कृपावंत" हा शब्द खोडला. वहिनींनीं शनिवारचें तेलही चुकविलें नाहीं.