नाव ठाऊक, परिणाम कोण सांगणार?

पालक सभेला येणाऱ्या आया आधी मुलांच्या अभ्यासाचं बोलतात, ओळख वाढली की स्वतःच्या तब्येतीचं. तांबी, सुई, गोळी ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. शरीरात पुढे काय होतं, हे मात्र बहुतेकींना कुणी सांगितलेलं नसतं.

हा फक्त आमच्या मोहल्ल्याचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, साधन वापरणाऱ्या स्त्रियांपैकी ६२.४ टक्के जणींनाच त्याचे दुष्परिणाम कधीतरी सांगितले गेले होते. बाकीच्यांचं काय?

दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन घ्या. त्यानं पाळी अनियमित होते, कधी बंदच होते. आधी सांगितलं नसेल तर बाईला वाटतं, घाण रक्त आत साचतंय. खरं तर गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, म्हणून साचायला काही नसतं. मात्र इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही सांगायला हवं. तांबीत हार्मोन नसतं, पण सुरुवातीचे काही महिने रक्तस्राव आणि दुखणं वाढू शकतं. अंगात रक्त कमी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. ‘माला-एन’ बाळंतपणानंतर पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईसाठी नाही, रक्तदाब वाढलेल्या बाईसाठीही नाही. आठवड्याची ‘छाया’ गोळी मात्र पाजणाऱ्या आईला चालते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची असते.

“आपल्यात हे चालत नाही,” असं म्हणून विषय बंद केला जातो. नसबंदीवर अनेक उलेमांचा आक्षेप आहे, हे खरं. पण हदीसमध्ये ‘अज़्ल’चा उल्लेख आहे आणि इमाम गझालींनी त्याला मुभा दिली आहे. आईच्या जिवाची काळजी करणं दीनच्या बाहेरचं कसं असेल?

माझ्या बहिणींनो, आशाताईंना किंवा डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझ्या शरीरात काय बदलेल? कशाची भीती नाही आणि कशासाठी लगेच यायचं? बंद केल्यावर मूल कधी होईल? आणि भावांनो, उत्तरं ऐकायला तुम्हीही शेजारी बसा. संसार दोघांचा आहे, त्रास मात्र एकटी सोसते.